लायनोबाची जागा

आमच्याकडे पूर उन्हात येतो. हे सांगितलं की पुण्यातले नातेवाईक हसतात, पण शिरूर-दौंडकडच्या कुणालाही विचारा. पाऊस पडतो तो तिकडे घाटमाथ्यावर. धरणं भरतात, दारं उचलली जातात आणि अर्ध्या-पाऊण दिवसाने भीमा आमच्या दाराशी येऊन उभी राहते, तेव्हा आमच्या डोक्यावर ढगाचा तुकडाही नसतो. दोरीवरची गोधडी कडकडीत वाळलेली असते आणि तिच्याखाली पाणी चढत असतं. पाऊस कोसळत असला की माणूस आपोआप सावध होतो. उन्हातल्या पाण्याची भीती वाटायला मात्र उशीर लागतो. त्या उशिरात काय होतं ते मी एकदा पाहिलंय, आणि त्यात माझा हात होता.

मी शिरूरला एका सरकारी कार्यालयात कारकून होते. दर पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्ष माझ्या गळ्यात पडायचा. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, एक फोन, एक रजिस्टर आणि मी. पूर तेव्हा पाच जणांचा होता. नदीची उंची मोजणारा माणूस एका खात्याचा, बिनतारी यंत्र दुसऱ्याचं, दोरखंड आणि टायरच्या ट्यूब तिसऱ्याच्या, रजिस्टर आमचं आणि गावात दवंडी कोतवालाची. एकाचा पायपोस दुसऱ्याच्या पायात नव्हता. तरी कोतवाल हलगी बडवत नदीकाठच्या वस्तीवर जायचा, हे मात्र कधी चुकलं नाही.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली आणि वरून हुकूम आला, की राज्यातल्या सगळ्या आपत्ती आता एका छताखाली. खाती जोडली, पदं मोडली, माणसं इकडची तिकडे केली. आमच्या खोलीत टेम्पोतून लोखंडी कपाटं येऊन पडली. बारा पिंपळांवरचे मुंजे एका झाडाखाली आणून बसवावेत तशी ती रांगेत उभी होती आणि कुणाचीच किल्ली कुणाला लागत नव्हती. नवीन तक्ता मीच तयार केला. त्यात ‘निरोप कसा द्यावा’ या रकान्यातून मी दवंडी काढून टाकली आणि तिथे ‘सरपंचांना दूरध्वनी’ असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. तेव्हा मला त्याचा अभिमानही होता.

नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. आजवर दोन तालुक्यांच्या दोन वह्या होत्या. आता दोन्ही काठ एकाच आराखड्यात आले, वह्या शेजारी-शेजारी उघडल्या आणि घोटाळा दिसला. पूररेषा म्हणजे मोठ्यातला मोठा पूर जिथवर येईल असा हिशेब करून काढलेली रेघ. त्या रेघेवर फार पूर्वी दगड रोवलेले आहेत, घडीव, गुडघ्याएवढे, अंगाला चुना आणि डोक्याला लाल रंग. दगडाच्या खालच्या लोकांनी पूर आला की उठायचं, वरच्यांनी आपली कामं करायची. नव्या मोजणीत आमच्या काठचा नऊ नंबरचा दगड समोरच्या दौंडकडच्या दगडापेक्षा पुरुषभर उंच निघाला. आता पाणी काही तालुका बघून चढत नाही.

साहेब नवे होते, तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि विचारलं, “बाई, हा दगड काय चालत वर गेला का?”

मी हसले. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून जीपने तिकडे निघाले, तेव्हाही हसतच होते.

जीप चाचांची. चाचा शिरूरचेच, त्यांच्या चार पिढ्या इथं गेल्या. आमच्या कार्यालयात भाड्याने जीप लागली की तेच यायचे. रस्त्याने गावागावाच्या गोष्टी सांगायचे. त्या दिवशी वस्ती दिसू लागली तसे ते बोलायचे थांबले.

नदीच्या वळणावर धनगरांची दहा-बारा घरं होती. त्यांचे पणजे मेंढरं घेऊन वर्षभर फिरायचे. आता लोक ऊस-कांदा करत होते, पोरं रांजणगावला कंपनीत जात होती, आणि जुन्या सवयीने एक लहानसा कळप राखला होता. पुरुष कुणी नव्हते, पहिल्या पाळीला गेलेले. वहीत दाखवलेल्या जागी, घरांच्या खाली, काही नव्हतं. साधा खड्डासुद्धा नव्हता, सगळीकडे फक्त मेंढरांच्या खुरांचे ठसे. दगड घरांच्या मागे, चढावर, लिंबाखाली उभा होता. चुना गेलेला, अंगभर शेंदूर, पुढे नारळाच्या करवंट्या. दोन घडीव डोळे त्याला बसवले नव्हते एवढंच. चार गड्यांशिवाय हलणार नाही असा दगड, आणि मधल्या सबंध उतारावर ओढल्याचा एकही ओरखडा नाही.

“हा इथं कुणी आणला?” मी विचारलं.

बायका गोळा झाल्या होत्या. कुणी पदर दातात धरला, कुणी नदीकडे पाहिलं. शेवटी एक म्हातारी पुढे आली. वाळलेल्या काठीसारखी, पण कणा ताठ. तिची सून तिच्या मागेच उभी होती.

म्हातारी म्हणाली, “लायनोबाला कोन आननार? द्येव हाय त्यो. पानी चढलं की त्यो वर येतो.”

पुराच्या लाइनीवरचा दगड म्हणून लायनोबा. सरकारनं दगड रोवला आणि यांनी त्याचा देव केला. मी कपाळाला हात लावला.

“आजी, दगड चालतो का कुठं?”

“तुमी चालता का न्हाई? तुमी शिरूरास्नं आलासा ना?” बायका हसल्या, मीही हसले. मग तिने विचारलं, “बाई, पानी कुठवर येतं ते तुमच्या वहीला कसं कळलं?”

मी तिला हिशेब, मोजणी वगैरे समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी मागे वळून पाहिलं. कळप चरत चढावरून खाली येत होता. लिंबापाशी आला, आणि दगडाच्या रेघेत जिथल्या तिथे थांबला. खाली हिरवं गवत होतं. एकाही मेंढराने पाय पुढे टाकला नाही. भर दुपारी अंगावर काटा आला. मग मला माझाच राग आला.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. दगड होता तिथे न्या आणि पुन्हा हलणार नाही असा बसवा. आठ दिवसांनी मी चार मजूर आणि सिमेंटची दोन पोती घेऊन गेले. चाचा जीपमधून उतरले नाहीत. म्हणाले, “मॅडम, माझा द्येव न्हाई त्यो. पन कुनाचा का आसंना, बसल्या जागचा उठवायचा म्हंजी... तुमी जा, मी हितंच हाय.”

मजुरांनी हात जोडले, नारळ फोडला आणि दगड उपटला. घरांच्या खाली, वहीतल्या जागी, मी मोजून दोन हात खोल खड्डा घ्यायला लावला. लिंबाखाली तो वीतभरच रोवलेला निघाला होता. तळाशी काँक्रीट, भोवती काँक्रीट. पहारीने ठोकून पाहिलं, तसूभर हलला नाही. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात म्हातारी कुठे दिसेना. पाहते तर ती वर लिंबाखाली बसून दगडाचा जुना खड्डा हाताने बुजवत होती. ओंजळीने माती टाकायची, तळव्याने थोपटायची, पुन्हा टाकायची. शेवटी वर हळद-कुंकू वाहिलं.

“हे कशाला, आजी?”

“द्येवाची जागा उघडी टाकू न्हाई. पानी तिथनं वर येतं. भरल्याबिगर उठायचं नसतं.” नखांतली माती काढत तिने विचारलं, “आता आमी कुठं बसायचं? पूर आला की आमी सगळी लायनोबाच्या पाठीशी जाऊन बसतो.”

“आता तुम्हाला कुठं जायचंच नाही. तुमची घरं त्याच्या वर आली. आता हा हलणार नाही आणि पाणी याच्या वर येणार नाही.”

“तुमी सांगता?”

“मी सांगते.”

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाली. त्या ‘बरं’ने मला आजही जाग येते.

त्याच पावसाळ्यात, एका लख्ख सकाळी, वरच्या धरणांतून रात्री पाणी सोडल्याचा निरोप आमच्या नव्या खोलीत आला. सगळं एका छताखाली असल्यामुळे निरोप खरोखर लवकर आला, हे मान्य करायला हवं. मी तक्ता उघडला आणि एकेका गावाला फोन लावत गेले. ती वस्ती तक्त्यात नव्हती. माझ्याच दगडाप्रमाणे ती पूररेषेच्या बाहेर होती. तरी मनाला चैन पडेना, म्हणून सरपंचांना लावला. ते रांजणगावला कामावर होते. घरी घंटी वाजत राहिली. कोतवालाला धाडावं म्हटलं, तर त्याची हलगी आमच्याच कपाटात जमा होती आणि कपाट कुठलं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मी चाचांना बोलावलं. चाचा जीप हाणत राहिले. आभाळ निळंशार, उसाची पानं उन्हात चमकत होती. वस्तीच्या अलीकडे त्यांनी एकदम इंजिन बंद केलं आणि कान दिला.

“काय झालं?”

“काईच आवाज न्हाई, मॅडम.”

खरंच नव्हता. पाखरू नाही, कुत्रं नाही, पाण्याचा खळखळाटही नाही. चढावर आलो तर समोर नदी सपाट, तांबडी, अंगण सारवावं तशी पसरलेली. घरं छपरापर्यंत पाण्यात होती. आणि पाण्याच्या काठाशी, लिंबाखाली, लायनोबा उभा होता.

मी पाहिलं, पुन्हा पाहिलं. तोच दगड. त्याच्या तळाला माझं सिमेंट चिकटलेलं होतं, तुटलेलं, पायात कडं घालावं तसं. पाणी त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं होतं. त्याच्या पाठीशी बायका, पोरं, शेळ्या, गाठोडी. कळप त्यांच्या मागे मुकाट उभा. कुणी रडत नव्हतं. सगळ्या पाण्याकडे बघत होत्या.

“सगळे आहेत ना?” मी ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला.

सून उठली. तिचे तळहात सोललेले होते. तिने पाण्याकडे बोट केलं, घरांच्याही पलीकडे, जिथे मी दगड पुरला होता तिथे.

“आत्याबाई मागं ऱ्हायल्या,” म्हणाली.

चाचांनी कमरेला दोर बांधला आणि छातीभर पाण्यात गेले. मी काठावर दोराचं टोक धरून उभी होते. ते चार वेळा गेले, पाचव्या वेळी बायकांनीच त्यांना जाऊ दिलं नाही. पाणी दुपारभर तसंच हातभर अंतरावर उभं राहिलं, आणि उन्हं कलल्यावर आल्या पावली मागे गेलं. म्हातारी दोन दिवसांनी दौंडच्या काठाला सापडली. दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या आणि त्यांत माती होती, म्हणे. मी पाहायला गेले नाही. धीर झाला नाही.

दगड कुणी हलवला, हे मी त्या दिवशीही विचारलं. “त्यो आला,” एवढंच उत्तर मिळालं. अहवालाच्या नमुन्यात एक रकाना होता, मयताचं राहतं घर पूररेषेच्या आत की बाहेर. साहेब म्हणाले, “नोंदीप्रमाणे लिहा.” मी ‘बाहेर’ असं लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. तिची चूक, तिने तिथे जायलाच नको होतं, असा त्याचा अर्थ होतो हे मला लिहितानाच कळत होतं.

पुढे साहेबांची बदली झाली. दगडाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी मात्र तो प्रश्न घेऊन बसले होते. सिमेंट फोडून तो चढावर आला कसा? कधी वाटायचं, आला असेलही. असं वाटलं की बरंही वाटायचं, कारण मग दोष देवाचा होता.

ते बरं वाटणंही फार टिकलं नाही. दोनेक वर्षांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कोथिंबीर घेताना कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला. म्हातारीची सून. मुलीला भेटायला आली होती. आम्ही पारावर बसलो. इकडचं तिकडचं झालं आणि तिने आपणहून सांगायला सुरुवात केली.

“बाई, आमीच आनायचो त्याला. बायका. सासवांच्या सासवांपास्नं. पूर येऊन गेला की फेसाची रेघ ऱ्हाती न्हवं? तिच्या वर सात पावलं मोजायची. गडीमानसं बाजाराला गेली की भर दुपारी सात जनी मिळून त्याला घोंगडीवर आडवा करायचा, मोटंच्या नाड्यानं वढायचा. मागनं मेंढरं हाकायची, म्हंजी खूण ऱ्हात न्हाई. आन् कुनाला बोलायचं न्हाई. मानसानं हलवलेला द्येव कोन मानंल?”

तिने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

“त्या दिशी नदी सकाळीच गप झाली. आत्याबाई म्हनल्या, चला, द्येव खाली ऱ्हायला तर पानी थांबंल कुठं? पहारी घेतल्या. पन तुमचं सिमिट फुटंना. फुटलं तवर दुपार झाली. वढून नेला आमी. आत्याबाई म्हनल्या, तुमी व्हा म्होरं, मी खड्डा भरून येते. हरसाली त्याच भरायच्या. वीतभर खड्डा, भरून येईस्तवर आमी लिंबापाशी पोचायचो बी न्हाई.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमचा खड्डा लई खोल व्हता, बाई. त्या भरतच ऱ्हायल्या. मागनं ओढ्याला पानी फिरलं, वर यायची वाटच तुटली.”

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, माझा स्वभावच तसा आहे. तिने पिशवीतले दोन पेरू माझ्या पिशवीत टाकले आणि बस आली म्हणून उठली. मी तिथेच बसून राहिले. दोन हात. मीच मोजून घेतलेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तपासणी निघाली, तेव्हा तो काठ मी मागून घेतला. चाचांनी जीप वस्तीपाशी थांबवली आणि या वेळी तेही उतरले. आभाळात ढग नव्हता. नदी खाली, लांब, आपल्या जागी होती.

लिंबाखाली दगड नव्हता. तो आणखी वर, बांधाच्या पलीकडे उभा होता, ताज्या शेंदराने लाल. मी सुनेकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले. ती हसली नाही.

“यंदा आमी न्हाई, बाई,” ती म्हणाली. “यंदा पूर कुठं आला? आन् मेंढरं दिवाळीलाच इकली. परवा सकाळी उठून बघतो, तर ह्यो तिथं.”

मी तिचा चेहरा पाहिला, मागच्या बायकांचेही पाहिले. तेव्हा दातात पदर धरणाऱ्या याच बायका होत्या. लपवणारी माणसं मला कळतात, आयुष्य कार्यालयात गेलंय. कुणी लपवत नव्हतं. त्या घाबरलेल्या होत्या. लिंबापासून बांधापर्यंतची माती हात फिरवल्यासारखी गुळगुळीत होती, तिच्यावर खूर नव्हता की पाऊल नव्हतं.

लिंबाखालचा खड्डा उघडाच होता. आत वाकून पाहिलं. नदी तिकडे लांब खाली, आणि इथे खड्ड्याच्या तळाशी तळहाताएवढं तांबडं पाणी चमकत होतं.

“हा का नाही बुजवला?” मी विचारलं.

बायका सुनेकडे बघू लागल्या. मग सून म्हणाली, “ते काम आत्याबाईंचं.”

माझ्या काखेत नकाशा होता, मोजणीची फीत होती. मी दोन्ही चाचांच्या हातात दिली आणि खाली बसले. ओंजळीने माती ओढली, टाकली, तळव्याने थोपटली, पुन्हा टाकली. पाणी आधी वर आलं, मग मुरलं. उन्हाने पाठ भाजत होती. बायका माझ्याभोवती उभ्या राहून बघत होत्या आणि कुणीही मला उठा म्हटलं नाही. मागे नदी गप झाल्यासारखी वाटली. चाचा हळूच म्हणाले, “मॅडम, निघू या का?”

“भरू द्या,” मी म्हणाले. सुनेने घरातून हळद-कुंकवाची वाटी आणून माझ्या शेजारी ठेवली.